आपाला एकाकी ठरवण्याची प्रक्रिया

१४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आपाच्या तब्येतीची नोंद ठेवायला सांगितलं, म्हणून ही वही. दुसरं काही लिहायचा विचार नाही.

उजवा हात: बोटं किंचित हलतात, चमचा धरवत नाही. गिळणं: चहात भिजवलेलं नान चालतं. बोलणं: हो, नाही, चहा, मुली. शेवटचा शब्द मला हाक मारण्यासाठी.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती अंगणात बादलीत कोळसा भरत होती. शेजारच्या ओराझकुल काकूंनी पाहिलं म्हणून वाचली. मी कारागांदाहून मिळेल त्या गाडीने आले. मला पाहिल्यावर आपाने पहिलं काय केलं, तर दारावरच्या खिळ्याकडे डोळे वळवले. तिथे कापडात बांधलेलं नान टांगलेलं होतं. उन्हाळ्यात शहरात परत जाताना मी त्याचा एक घास चावला होता. लांब जाणाऱ्याने घास चावायचा आणि उरलेलं नान तो परत येईपर्यंत घराने जपायचं. शिकायला पहिल्यांदा घर सोडलं तेव्हापासून आपाने हे एकदाही चुकवलेलं नाही. नान दगडासारखं झालं होतं. चहात भिजवून दोघींनी संपवलं.

खिळा आता रिकामा आहे.

१७ नोव्हेंबर

जनसेवा केंद्रात गेले. शहराला गरम पाणी पुरवणाऱ्या उष्णता केंद्रात माझी नोकरीची जागा फेब्रुवारीपर्यंत ठेवतील, त्यापुढे नाही. थंडीत दाबमापकं तपासायला माणूस लागतो, हे मलाही मान्य आहे. आपाला शहरात नेता येणार नाही. माझी खोली पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि विचारल्यावर आपा "नाही" म्हणाली. तेव्हा उपाय एकच, घरी येणारी सरकारी मदतनीस. ती रोज येते, अंघोळ घालते, स्वयंपाक करते, औषधं देते.

यंत्रातून टोकन घेतलं. खांद्यावरून केंद्राचा पट्टा घातलेल्या मुलीने हसून विचारलं, मी काय मदत करू. सांगितल्यावर तिने खुर्ची दाखवली. मदत एवढीच.

खिडकीवर बोताकोज नावाची बाई होती. माझ्याच वयाची, बोटात अंगठी, टेबलावर झाकलेला चहा.

"आजींचं नाव?"

"बातिमा. पण आजी नाही, आई."

तिने टायपिंग केलं. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पडद्याकडे.

"ताई, तुम्हाला आपांनी चोपन्नाव्या वर्षी जन्म दिला?"

"लेखी, हो."

ती हसली. "माझ्या आपांनी मला एकोणपन्नासाव्या वर्षी. लेखी. आपल्याकडच्या म्हाताऱ्या भलत्याच दणकट." मग हसू आवरून म्हणाली, "मदतनीस फक्त एकाकी वृद्धांना मिळते. एकाकी म्हणजे धडधाकट मूल नसलेले. पडद्यावर मूल दिसतंय. मुलगी, वय एकोणतीस, अभियंता, धडधाकट. समोरच उभी आहे."

"मी कारागांदात राहते. इथून एक रात्र लागते."

"पडद्याला अंतर कळत नाही."

आपाचा मुलगा वारला, हे मी सांगितलं. तिने मान हलवली. तो वारलेला पडद्यावरही होता.

बाहेर पडताना दाराजवळच्या यंत्राने विचारलं, सेवा कशी वाटली? तीन चेहरे होते. मी मधला दाबला. सेवा मध्यम होती.

२१ नोव्हेंबर

मदत क्रमांकावर फोन केला. यंत्र म्हणालं, अडचण थोडक्यात सांगा. मी म्हणाले, आईसाठी घरी मदतनीस हवी आहे. यंत्र म्हणालं, बाळंतपणाच्या रजेसाठी एक दाबा. पुन्हा सांगितलं. अभिनंदन, म्हणालं, बाळाच्या नोंदणीसाठी दोन दाबा.

शेवटी एक माणूस लाईनवर आला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि जनसेवा केंद्रात जा म्हणून सांगितलं.

आपाच्या पाठीला लाली आली आहे. दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायला हवं.

उष्णता केंद्रातून फोन आला. कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारायला. आणखी काही विचारलं नाही. बरं झालं, बोलायला वेळ नव्हता.

२४ नोव्हेंबर

पुन्हा बोताकोज. अपवादासाठी अर्ज लिहून नेला होता, मुद्देसूद. तिने वाचला.

"छान लिहिलंय. नामंजूर होईल."

"कशावरून?"

"ताई, मी इथे बसते म्हणून." तिने आजूबाजूला पाहिलं, चहाचा कप पुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका. तुमच्या जन्माची नोंद दुरुस्त करून घ्या. जिने तुम्हाला जन्म दिला तिचं नाव लागलं की तुम्ही आपांची नात होता. नातीवर जबाबदारी येत नाही. मुलगा वारलेला, मुलगी पुसली गेली, की आपा एकाकी. दुसऱ्या आठवड्यात मदतनीस दारात."

"मुलगी पुसली गेली म्हणजे?"

"पडद्यावरून हो. घरातून कोण पुसतंय?"

मी काय काय लागेल ते विचारलं. जन्मदात्रीचं तोंडी निवेदन, तेही आपाच्या समोर. आपाची संमती. मग न्यायालयाचा आदेश. प्रक्रिया सरळ आहे. नोंद चुकीची आहे, ती दुरुस्त करायची. यंत्राचा काटा शून्यावर नसेल तर आपण शून्यावर आणतोच.

२६ नोव्हेंबर

अर्जात लिहावं लागणार म्हणून आधी इथे नीट मांडते.

माझा जन्म झाला तो आपाचा मुलगा आणि सून यांच्या पोटी. पहिलं मूल म्हणून, मी चाळीस दिवसांची झाल्यावर, आपाने मला आपल्या कुशीत घेतलं आणि स्वतःच्या नावावर नोंदवलं. आमच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांचं असतं, त्यात विशेष काही नाही. ज्याला मी दादा म्हणायचे तो माझा बाप. तो मी शाळेत असताना रेल्वेच्या कामावर अपघातात वारला. जिला मी वहिनी म्हणते ती, शिनार, माझी जन्मदात्री. तिने नंतर दुसरं लग्न केलं. दोन मुलगे आहेत. इथून बसने जाता येईल अशा स्टेशनच्या वस्तीत राहते, तिथल्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते.

वहिनीने मला कधी नावाने हाक मारलेली नाही. सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, धाकट्या नणंदेचंही नाही. टोपणनाव ठेवायचं. तिने माझं ठेवलेलं नाव "पापणी". का ते मला माहीत नाही. विचारलं नाही.

ओराझकुल काकू आपाजवळ बसायला आल्या होत्या. मी चूल पेटवत होते.

"शहरात एवढाल्या भट्ट्या सांभाळतेस म्हणे. आणि इथे धूर बघ."

"मी भट्ट्या नाही सांभाळत काकू. मापकं सांभाळते."

"म्हणजे विस्तव कुणी दुसऱ्याने पेटवायचा, आणि किती तापला ते तू सांगायचं." त्या हसून हसून खोकल्या. आपाही हसली. तोंडाच्या डाव्या बाजूने.

३० नोव्हेंबर

वहिनीकडे जाऊन आले. बस बुरानात, बर्फाच्या वादळात, अडकली, मग बर्फ काढणारी गाडी पुढे आली.

कॅन्टीनमध्ये गर्दी नव्हती. वहिनी पातेलं घासत होती. मला पाहून हात पुसले, पण पुढे झाली नाही.

"पापणी? आपा...?"

"आपा बरी आहे."

"मग बस. पाय ओले आहेत का? दाखव. बूट काढ आधी."

मी काढले नाहीत, कारण बूट आतून कोरडे होते. तिने तरी बाकाखाली हीटर सरकवला. रस्सा वाढला, पुन्हा वाढला. मी काम सांगितलं, क्रमाने. ती हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"आपांच्या समोर म्हणायचं?"

"हो."

"काय म्हणायचं?"

"माझं पूर्ण नाव. आणि मी तुझी मुलगी आहे, असं."

शेवटची घडी तिने हाताने दाबली. मग म्हणाली, "तू दोन महिन्यांची होतीस. ताप आला होता. आपा विहिरीवर गेल्या होत्या, म्हणून मी तुला उचलून घेतलं. त्या आल्या तशी खाली ठेवलं. त्या रागावल्या नसत्या. पण दिलेलं परत हातात घेतलं असं दिसायला नको ना." फडकं पुन्हा उलगडलं. "तेव्हा नाही म्हटलं, आता त्या पडून आहेत तेव्हा म्हणू?"

मी सांगितलं की हा कागदोपत्री प्रश्न आहे, त्याने प्रत्यक्षात काही बदलत नाही.

"नाही बदलत?"

"नाही."

"बरं. येईन."

भिंतीवर आमच्या उष्णता केंद्राचं जुनं कॅलेंडर होतं, दोन वर्षांपूर्वीचं. मी आपाला दिलेलं, तेच असणार. आम्हा कामगारांचा सामूहिक फोटो असलेला महिना उघडा होता, एप्रिल. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल कशाला लावून ठेवतात कळत नाही.

निघताना तिने पिशवीभर कुर्त, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, दिले. लहानपणी मला आवडायचे म्हणे. मला आठवत नाही. बसमध्ये तीन खाल्ले.

४ डिसेंबर

आपाला सांगितलं. सोप्या वाक्यांत, एकेक करून, समजल्याची खात्री करत. तुला मदतनीस मिळेल. त्यासाठी मी लेखी नात होईन. मी कामावर जाईन, सुट्टीत येईन.

आपाने ऐकलं.

"कळलं?"

"हो."

"चालेल?"

तिने किटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "चहा."

मी चहा केला. याला संमती धरायची की नाही, ठरवता येत नाही. बोताकोजसमोर पुन्हा विचारलं जाईलच.

८ डिसेंबर

आज घरी निवेदन झालं.

बोताकोज टॅब्लेट घेऊन आली, बूट काढून आत आली, आपाच्या पायांशी बसली आणि तिची विचारपूस केली. खिडकीवरच्या बोताकोजपेक्षा ही वेगळी वाटली. वहिनी बसने आली होती. डोक्याला स्वच्छ रुमाल. उंबऱ्यातच आपाला वाकून सलाम केला, नव्या सुनेसारखा. आपाने डावा हात उचलला.

बोताकोजने टॅब्लेट उभा केला. "काकू, इकडे बघून बोला. आधी स्वतःचं नाव, मग हिचं पूर्ण नाव, मग नातं. एका वाक्यात झालं तरी चालेल."

वहिनीने स्वतःचं नाव सांगितलं. मग थांबली.

"आता हिचं."

"ही... आमची पापणी."

"काकू, पापणी लिहिता येत नाही."

"नाव मी घेत नाही गं."

"मीसुद्धा सूनच आहे काकू. माझ्या दिराला मी आजपर्यंत 'दाढीवाले' म्हणते. पण हा टॅब्लेट सून नाही. त्याला नाव लागतं."

ओराझकुल काकू साक्षीदार म्हणून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हण गं बाई, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या काचेच्या पाटीला तेवढं माहीत नाही."

वहिनी उठली आणि अंगणात गेली. खिडकीतून दिसत होतं. कोळशाच्या ढिगाजवळ नुसती उभी होती, शालही न घेता. बाहेर उणे अठरा होतं. मी शाल घेऊन जावी की नाही याचा विचार करत होते, तोवर ओराझकुल काकू गेल्या.

ती परत आली. टॅब्लेटसमोर बसली. तोंड उघडलं, आपाकडे पाहिलं, मिटलं. दोनदा असं झालं. बोताकोजने घड्याळ पाहिलं नाही, हे मी नोंदवते.

मग आपा बोलली. झटक्यानंतर मी तिच्याकडून न ऐकलेला शब्द.

"सांग."

आपाने डाव्या हाताने गादीवर थाप मारली.

"सांग, सूनबाई."

वहिनी म्हणाली, "कामशात माझी मुलगी आहे. मी जन्म दिलेली."

माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मधला "म" जरा लांबला. बाकी उच्चार बरोबर होता.

बोताकोजने आपाला विचारलं, "आपा, हे खरं? तुमची हरकत नाही?" आपा म्हणाली, "हो. नाही." दोन्ही प्रश्नांची क्रमाने उत्तरं. बोताकोजने नोंद केली.

मी चहा ठेवायला उठले. चहा आधीच झालेला होता.

९ डिसेंबर

आपा भिंतीवरच्या गालिच्याकडे तोंड करून पडून आहे. चहा नको, नान नको. ताप नाही, रक्तदाब नेहमीसारखा. कारण सापडलं नाही.

वहिनी काल शेवटच्या बसने गेली. जाताना आपाच्या उशाशी बराच वेळ बसली होती. मी आत गेले तशी उठली.

११ डिसेंबर

आपाने ओराझकुल काकूंच्या हातून दोन घोट घेतले. माझ्या हातून नाही.

"रागावली आहे का?" मी काकूंना विचारलं.

"कोण? ही? ही कुणावर रागावणार."

"मग?"

"तू एवढी शिकलीस," काकू म्हणाल्या, आणि भांडी घासायला गेल्या. वाक्य अपुरं होतं.

१५ डिसेंबर

आज माझ्या हातून खाल्लं. लापशी, अर्धी वाटी. "मुली" म्हणाली नाही. काही लागलं तर डाव्या हाताने गादीवर थापटते.

२६ डिसेंबर

न्यायालयाचं काम पडद्यावर झालं. न्यायाधीशबाईंनी निवेदन ऐकलं, आणखी कुणाची हरकत आहे का विचारलं. कुणी बोललं नाही. आदेश दिला.

उष्णता केंद्राला कळवलं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला रुजू होते. उत्तर आलं: ठीक.

१९ जानेवारी

नोंद बदलली. बोताकोजने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. माझ्या नावापुढे आई: शिनार. आपाच्या नावापुढे मुलं: एक मुलगा, मृत. त्याखाली हिरव्या अक्षरांत: एकाकी वृद्ध.

"झालं ताई. सोमवारपासून रौशन येईल. चांगली बाई आहे, बडबडी आहे, पण हाताला गोडवा आहे." मग म्हणाली, "आता काही झालं तर कळवायचा माणूस. तुमचाच नंबर घालू?"

"हो."

"नातं?"

"मुलगी," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मुलगी घातलं तर हिरवं जाईल. पुन्हा पहिल्यापासून."

"माहीत आहे. चुकून म्हणाले."

"नात घालू?"

हेच बरोबर उत्तर होतं. आदेशाप्रमाणे, आणि वस्तुस्थितीप्रमाणेही. मला का म्हणता आलं नाही, सांगता येत नाही. मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले, "लवकर आटपा पोरींनो, मला पेन्शन घेऊन मरायचंय." त्यांच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "आधी मरा, मग घ्या, तेव्हा रांग नसते." सगळे हसले.

बोताकोज हसली नाही. तिने हळू विचारलं, "'इतर' घालू?"

"घाला."

बाहेर यंत्राने विचारलं, सेवा कशी वाटली? हसरा चेहरा दाबला. सेवा उत्तम होती. मागितलं ते मिळालं.

२३ जानेवारी

रौशन आली. पन्नाशीची, रुंद खांद्याची, खात्याच्या निळ्या कोटातली. आपाला एका हाताने असं वळवते की मला तसं दोन हातांनीही जमलेलं नाही. ती दिवसभर बोलते. सुनेबद्दल, मांजरीबद्दल, साखरेबद्दल. आपा ऐकते आणि डाव्या बाजूने हसते.

मी तिला औषधांचा तक्ता समजावला. म्हणाली, "ताई, तक्ता ठेवा भिंतीवर. पण मी आजींनाच विचारणार. त्यांना माहीत असतं."

आपाला माझ्याशिवाय चालेल असं दिसतं. हेच हवं होतं.

१ फेब्रुवारी

आज निघाले. हे गाडीत लिहिते आहे.

सकाळी घाई झाली. पेटी बांधली, चूल भरली, उभ्या उभ्या चहा आणि नान. टॅक्सीने हॉर्न दिला तेव्हा ताटात अर्धं राहिलं, तसंच ठेवलं. आपा गालिच्याकडे तोंड करून होती. झोपली असावी. मी तिच्याजवळ गेले, "जाते आपा" म्हणाले. तिने डोळे उघडले नाहीत. पापण्या हलत होत्या, तेव्हा झोप गाढ नसावी.

नानाचा घास चावायला कुणी म्हणालं नाही. आपा म्हणू शकली नसती, आणि रौशन तेव्हा अंगणात होती. मी स्वतःहून मागितलं नाही. घास चावायला द्यायचा असतो तो घरच्यांनी, घरच्याला. आपण होऊन मागायचा नसतो.

वहिनी स्टेशनवर आली होती. गाडी तिच्या वस्तीच्या स्टेशनवर थोडाच वेळ थांबते. ती डब्याडब्यांतून शोधत धावत आली. रुमालात गरम बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे.

"पोचलीस की कळव."

"कळवते, वहिनी."

म्हणाल्यावर लक्षात आलं. लेखी आता ते चूक आहे. तिच्याही लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "जा, पापणी, दारात उभी राहू नकोस, वारा आहे." मग गाडी हलली. ती फलाटाच्या टोकापर्यंत डब्याबरोबर चालत होती, हात पुढे करून, जणू मी काही तरी द्यायचं राहिलं आहे. माझ्याकडे तिचं काही नव्हतं.

सवयी दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी

कामावर रुजू. चार मापकं चुकीची दाखवत होती. गेन्नादी पावलोविच म्हणाले, "आलीस? बरं." कपाटाची किल्ली परत मिळाली.

खोली शांत आहे. नळाला गरम पाणी आहे, चूल पेटवावी लागत नाही. बाउरसाक संपवले.

७ फेब्रुवारी

फोनवर खात्याचा संदेश आला. "आपले परिचित बातिमा यांना एकाकी वृद्ध म्हणून सेवा सुरू झाली आहे. कृपया सेवेचे मूल्यमापन करा." एक ते पाच तारे.

उद्या करीन.

१२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. खात्याचा नंबर. आधी यंत्र बोललं: सेवेच्या गुणवत्तेसाठी हा कॉल नोंदवला जात आहे. मग रौशन.

"कामशात ताई? घाबरू नका, आजी ठणठणीत आहेत. इथेच आहेत, ऐकतायत. एक विचारायचं होतं. ते दारावरच्या खिळ्याला एक गाठोडं आहे ना..."

"खिळा रिकामा आहे," मी म्हणाले.

"रिकामा कुठला? मी आज जळमटं काढत होते. उघडून बघते तर अर्धं खाल्लेलं नान, वाळून खडक. उंदीर येतील म्हणून काढायला गेले, तर आजींनी अशी चापटी मारली माझ्या हातावर! डाव्या हाताने! मी म्हटलं, अगो, जोर आला की अंगात."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"ओराझकुल काकू आल्या, त्यांनी सांगितलं मग. तुम्ही गेलात त्या दिवशी ताटात उरलं होतं म्हणे. मी अंगणात होते, काकू दारात आल्या होत्या, तर आजींनी थापटून थापटून काकूंना हाक मारली आणि बांधून टांगायला लावलं. आता मी आजींना विचारते, कुणाचं हो नान एवढं जपताय? तर काय म्हणाल्या माहीत आहे?"

"काय?"

"'मुलीचं.' स्पष्ट. मला म्हणजे काही कळेना. माझ्याकडच्या कागदावर मूलबाळ कोणी नाही, एकाकी. तुमच्यापुढे 'इतर' लिहिलंय. मग मुलगी कोण?"

कॉल नोंदवला जात होता. हिरवी अक्षरं जाऊ शकतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं, हे मला पूर्णपणे ठाऊक होतं.

"मी," मी म्हणाले.

रौशन गप्प झाली. पहिल्यांदाच. मग मोठ्याने म्हणाली, "ताई, लाईनला फार खरखर आहे हो. तुमचं मला काही ऐकू आलं नाही."

लाईनला खरखर अजिबात नव्हती. मला आपाच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, चुलीवरच्या किटलीचं झाकण ऐकू येत होतं.

"मी," मी पुन्हा म्हणाले. "मी मुलगी आहे तिची. आपा, मी आहे. ऐकतेयस ना?"

पलीकडे गादीवर थाप वाजली. आणि पुन्हा एकदा.

"खरखर आहे, खरखर आहे," रौशन म्हणत राहिली. मग आवाज एकदम खाली आणून, फोन तोंडाशी धरून, "मग नान राहू दे ना खिळ्यावर?"

"राहू दे."